चाकू कापायला असतो राव!

मोठ्या घडीच्या चाकूबद्दल पहिला प्रश्न काय विचारायचा? साधा आहे: कापतो कसा? पण मंडळी, हा एक प्रश्न सोडून बाकी सगळं विचारलं जातं. स्टील कुठलं, लॉक कुठलं, किती झटक्यात उघडतो, उघडताना आवाज कसा येतो, क्लिप कुठल्या बाजूला... मोबाइलचे मेगापिक्सेल मोजणारी आपली जमात इथेही स्पेसिफिकेशन वाचत बसते आणि हजारो रुपये मोजून जे घरी आणते त्याने धड गाजर चिरता येत नाही.

सध्या माझ्या टेबलावर दोन मोठे घडीचे चाकू आहेत. एक टीममधल्या मित्राचा, 'टॅक्टिकल' म्हणतात त्या जातीचा. (ब्रँड सांगत नाही, या जातीतले बरेचसे भाऊबंद असेच असतात.) दुसरा माझा, फ्रान्सचा ओपिनेल, नंबर १२. चार दिवसांचीच ओळख आहे, तेव्हा हे फर्स्ट इम्प्रेशन समजा.

मित्राचा चाकू हातात घेतला की आधी वजन जाणवतं. पातं काळंकुट्ट, पाठीला चार मिलिमीटर जाड, अर्धी धार करवतीसारखी दातेरी. मुठीला बोटांसाठी खाचा, मागच्या टोकाला काच फोडायचा खिळा. अंगठ्याने ढकललं की खट्ट! खोटं कशाला बोला, मजा येते. बसल्या बसल्या वीस वेळा उघडझाप होते. मग मी त्याच्यापुढे भाजी ठेवली. कांदा कसाबसा चिरला, पण गाजर अर्ध्यात गेल्यावर 'कडाक्' करून तडकलं आणि तुकडा थेट फ्रिजखाली!

यात धारेचा दोष नाही. धार उत्तम होती. दोष भूमितीचा आहे. पातं म्हणजे शेवटी पाचर. धार फक्त फट पाडते, त्यानंतर पात्याची सगळी जाडी त्या फटीतून आत जावी लागते. कांदा दबतो, जागा देतो. गाजर देत नाही, फुटतं. आता इंजिनिअरिंगला स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्समध्ये घोकलेलं आठवा: पट्टीचा कडकपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. जाडी दुप्पट, कडकपणा आठपट. म्हणजे हे पातं वाकू नये म्हणून इतकं जाड केलंय. पण नीट कापताना पातं वाकतं कुठे? ते वाकतं कशात तरी खुपसून पिळलं तर. लाकडात, पत्र्यात, नाहीतर... असो. कंपनी तो शब्द उच्चारत नाही, पण अख्खं डिझाइन तेच ओरडून सांगत असतं.

आता दुसरा. जोझेफ ओपिनेल हा फ्रान्सच्या साव्हॉय भागातल्या अवजारं बनवणाऱ्या घरातला मुलगा. त्याने १८९० मध्ये हा चाकू बनवला, शेतकऱ्यांच्या खिशासाठी. १८९७ मध्ये १ ते १२ असे नंबर पाडले. माझ्या १२ नंबरचं पातं १२ सेंटिमीटरचं, म्हणजे खिशातला चाकू म्हणून चांगलाच लांब. पण पाठीला जाडी दोन मिलिमीटरच्या आसपास, आणि तिथून धारेपर्यंत निमुळतं होत गेलेलं. मूठ बीचच्या लाकडाची, गोलसर, एकही खाच नाही. त्यामुळे सफरचंद सोलताना, ब्रेड कापताना, कलिंगडाची फोड काढताना हात हवा तसा फिरवता येतो. बोटं कुठे ठेवायची हे चाकू सांगत नाही, काम सांगतं. तेच गाजर, चकत्या पडल्या आणि जिथल्या तिथे राहिल्या.

लॉक म्हणाल तर मुठीच्या तोंडाशी एक फिरणारं धातूचं कडं. १९५५ मध्ये मार्सेल ओपिनेलने आणलेलं. कडं फिरवलं की पातं पक्कं. अख्ख्या चाकूत भाग किती? पाच! पातं, मूठ, खिळा आणि दोन कडी. याला म्हणतात आर्किटेक्चर.

"पण एका हाताने उघडत नाही ना!" मित्राचा हमखास आक्षेप. नाही उघडत. घाई कसली आहे? फळ पळून जाणार आहे का? उलट त्याच्या चाकूत लॉक सोडायला पट्टी दाबायची, तेव्हा अंगठा बरोबर मिटणाऱ्या पात्याच्या वाटेत असतो. दोन हात लागणं हा बग नाही, फीचर आहे. खरा आक्षेप वेगळा आहे: लाकूड दमट हवेत फुगतं आणि पातं घट्ट बसतं. आपल्या पावसाळ्यात हे होणारच. त्यावर साव्हॉयचाच उपाय आहे, मुठीचं मागचं टोक टेबलावर ठोकायचं, पातं थोडं बाहेर येतं. कार्बन स्टीलचं पातं घेतलं तर ते पुसून ठेवावं लागतं, नाहीतर गंजतं. ज्याला एवढंही करायचं नसेल त्याने स्टेनलेसचं घ्यावं.

आणि या 'खट्ट'चं कौतुक आपल्याला नवीन थोडंच आहे? रामपुरीचा कटकट आवाज हिंदी सिनेमाने घराघरात पोचवला. तो ऐकून समोरचा घाबरायचा, बस्स. २०२३ मध्ये रामपूरच्या एका चौकात सहा मीटरचा रामपुरी चक्क पुतळ्यासारखा उभा केला. चाकूचा असा दबदबा झाला की त्याने भाजी चिरावी अशी अपेक्षाच कुणी ठेवत नाही.

हा नुसता आवडीनिवडीचा वाद नाही बरं का. १९५९ च्या शस्त्र कायद्यात शस्त्राची व्याख्या करताना केवळ घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी बनवलेल्या वस्तू वगळल्या आहेत. म्हणजे वस्तू कशासाठी घडवलीय हा प्रश्न कायदाही विचारतो. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली वेळोवेळी मनाई आदेश निघतात, त्यात चाकू-सुरे घेऊन फिरायलाही बंदी घालता येते. तेव्हा ओपिनेल असो की अजून काही, उगाच खिशात घेऊन हिंडू नका. पण पोलिसांचं सोडा. ऑफिसच्या पॅन्ट्रीत आंबा कापायला तो काळा चाकू काढला तर शेजारची माणसं दोन पावलं मागे सरकतात. ज्याला बघून माणसं मागे सरकतात ते कसलं अवजार?

मोठ्या घडीच्या पात्याचं उत्तम डिझाइन बघायला तर फ्रान्सलाही जायला नको. आजीची विळी आठवा. पातं पातळ, काम झालं की पाटावर आडवं पडणारं, वर नारळ खवायची सोय. तिच्यावर फणसापासून कोथिंबिरीपर्यंत सगळं चिरलं जातं. तिला कुणी टॅक्टिकल म्हणालं नाही.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी नवा चाकू खट्टकन उघडून दाखवला की 'वा' म्हणू नका. हातात एक गाजर द्या.