भादरणे म्हणजे निगा नव्हे

मार्च महिन्याचे ऊन तापू लागले की पुण्या-मुंबईच्या, नागपूर-नाशिकच्या गृहसंकुलांत एक दृश्य हमखास पाहावयास मिळते. थंडीभर केसांच्या डौलात मिरवणारे एखादे पांढरे स्पिट्झ किंवा सोनेरी रिट्रीव्हर एके दिवशी पार भादरलेल्या अवस्थेत जिना उतरताना दिसते. मालकाच्या मुद्रेवर भूतदयेचे समाधान असते. उकाड्यात जिवाला जरा गार वाटावे, एवढाच त्याचा हेतू असतो. त्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु हेतू चांगला असला म्हणजे कृती योग्य ठरतेच असे नाही. आणि मुक्या जनावराच्या बाबतीत तर हा भेद अधिकच जपावा लागतो, कारण झालेली चूक सांगावयास त्याला वाचा नाही.

केस कापल्यावर माणसाला गार वाटते, म्हणून कुत्र्यालाही तसेच वाटत असले पाहिजे, हे या प्रथेमागचे अनुमान आहे. ते मुळातच सदोष आहे. माणसाच्या सर्वांगाला घाम येतो आणि तो वाळताना शरीर थंड होते. कुत्र्याला असा घाम येत नाही. त्याच्या पंजांच्या गाद्यांना काय तो थोडा पाझर असतो. त्याचे शरीर थंड होते ते प्रामुख्याने धापेने, म्हणजे तोंड उघडे ठेवून जलद श्वास घेताना जिभेवरचा व श्वासमार्गातला ओलावा उडून जातो त्यायोगे. अंगावरचे केस काढल्याने या क्रियेला फारसे साहाय्य होत नाही. उलट स्पिट्झ, जर्मन शेफर्ड, गोल्डन रिट्रीव्हर, हस्की यांसारख्या जातींच्या अंगावर केसांचे दोन पदर असतात. वरचा पदर लांब व राठ केसांचा आणि आतला पदर मऊ, दाट लवेचा. वरचे केस ऊन-पावसाचा पहिला मारा आपल्यावर घेतात. यंत्राने दोन्ही पदर उतरविले की ऊन थेट कातडीवर येते. पांढऱ्या कुत्र्याची गुलाबी कातडी तर भाजूनही निघते. शिवाय काही कुत्र्यांत, विशेषतः स्पिट्झच्या कुळातील जातींत, एकदा भादरलेले केस महिनोन्‌महिने उगवत नाहीत, किंवा उगवतात ते ठिगळे जोडल्यासारखे. पशुवैद्यांना हा प्रकार चांगला परिचयाचा आहे.

उन्हाळ्यात कुत्र्याला जाच होतो तो वरच्या केसांपेक्षा आत साचून राहिलेल्या मृत लवेचा. दुपदरी केसांचे कुत्रे वर्षातून साधारणपणे दोन वेळा ही लव टाकते. ती नियमितपणे विंचरून काढली नाही तर केसांतच अडकते, तिचा नमदा बनतो आणि कातडीपर्यंत वारा पोहोचेनासा होतो. अर्थात या दुखण्यावरचा उपाय कात्री नसून कंगवा आहे. भादरण्याने जे साधावे अशी मालकाची अपेक्षा असते ते रोजच्या विंचरण्याने अधिक चांगले साधते, आणि ऊन अडविणारा पदरही शाबूत राहतो.

या ठिकाणी मेंढीचे उदाहरण हटकून पुढे केले जाते. धनगर बांधव ठरलेल्या ऋतूत मेंढ्यांची लोकर कातरतात, त्याने मेंढीला सुखच होते. मग कुत्र्यानेच काय घोडे मारले, असा हा युक्तिवाद असतो. परंतु लोकरीच्या मेंढीला माणसाने शतकानुशतके लोकरीसाठीच जोपासले आहे. तिची लोकर वाढत राहते आणि कातरली नाही तर तिलाच ओझे होते. दुपदरी केसांचे कुत्रे मात्र आपले केस स्वतः टाकते आणि स्वतः भरून काढते. आणखीही एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. मोठी कातर हातात धरून, कातडीला ओरखडा न काढता अख्खी मेंढी मोकळी करणारा धनगर हा पिढ्यान्‌पिढ्यांच्या सरावाने तयार झालेला कारागीर असतो. त्याचा दाखला देणाऱ्याने त्याचा सरावही अंगी बाणवावयास हवा.

तथापि प्रत्येक कुत्र्याला कात्री वर्ज्य आहे, असे म्हणणे हा दुसऱ्या टोकाचा अविचार होईल. शिहत्झू, पूडल, ल्हासा अप्सो यांचे केस दीर्घकाळ वाढत राहतात. ते वेळोवेळी कापलेच पाहिजेत, नाही तर डोळ्यांवर झापड येते आणि पायांत लोळ अडकतो. पूडलची चित्रविचित्र केशरचना आज केवळ मिरवण्याची बाब वाटते. पण तिचे मूळ कामात आहे. पाण्यात पडलेली शिकार आणून देणारे हे कुत्रे. पोहताना भार होऊ नये म्हणून त्याचे अंगावरचे केस कापीत आणि छाती व सांधे यांना ऊब राहावी म्हणून तेथले केस राखीत. तात्पर्य, त्या कापण्याला कुत्र्याच्या गरजेचा आधार होता. हीच कसोटी आजही लावली पाहिजे. कात्री चालते ती कुत्र्याच्या सोयीसाठी की पाहणाऱ्याच्या नजरेसाठी, हा प्रश्न आधी विचारावा आणि मग हात उचलावा.

घरच्या घरी हे काम करू इच्छिणाऱ्याने दोन प्रकारच्या कात्र्यांतील फरक समजून घेणे अगत्याचे आहे. साधी कात्री तिच्या पात्यात येणारा प्रत्येक केस कापते. त्यामुळे नवशिक्याच्या हातून कुत्र्याच्या अंगावर पायऱ्या पडतात. केस विरळ करण्याची दातेरी कात्री, जी केशकर्तनालयात ‘थिनिंग’ची कात्री म्हणून ओळखली जाते, तिच्या एका किंवा दोन्ही पात्यांना कंगव्यासारखे दाते असतात. दात्यांमधल्या फटींत सापडलेले केस सुटून जातात आणि उरलेले तेवढे कापले जातात. परिणामी केसांचा भार कमी होतो, पण कापल्याची खूण उमटत नाही. लहान केसांवर लांब केसांचे पांघरूण राहते. केसांच्या वळणाच्या दिशेने दोन-तीन वेळा कात्री मिटावी, कंगवा फिरवून सुटलेले केस काढावेत, थोडे दूर होऊन पाहावे आणि आवश्यक असेल तरच पुन्हा कापावे, हीच तिची रीत. एकाच जागी पुनःपुन्हा चालविली तर तीही खड्डा पाडते. मानेची, मांड्यांची व शेपटीची झालर आटोक्यात आणण्यास हे हत्यार उत्तम. घाई करणाऱ्याच्या हातात मात्र कोणतीच कात्री निर्धोक नसते.

घरगुती केशकर्तनातील खरा धोका केसांच्या जटांपाशी आहे. कानामागे, काखेत, जांघेत आणि गळपट्ट्याखाली केसांचे गुंते होतात. ते पाण्याने अधिक आवळतात, म्हणून आंघोळीआधी विंचरणे हा पहिला नियम. अनेक घरांत क्रम नेमका उलटा असतो. पुढे जट घट्ट झाली की ती चिमटीत ओढून मुळाशी कात्री लावण्याचा मोह होतो. कुत्र्याची कातडी सैल असते. केस ओढले की तीही तंबूसारखी वर येते आणि जटेबरोबर कापली जाते. म्हणून जट आणि कातडी यांच्यामध्ये आधी कंगवा सरकवावा आणि कात्री कंगव्याच्या वरच्या अंगाने चालवावी. किंवा जट केसांच्या दिशेने उभी चिरून बोटांनी हळूहळू मोकळी करावी. कंगवा मध्ये शिरतच नसेल तर कात्री खाली ठेवून पशुवैद्याकडे जावे. डोळ्यांजवळ आणि पंजांच्या गाद्यांमध्ये गोल टोकाची कात्रीच वापरावी आणि तिचे टोक डोळ्याकडे कधीही रोखू नये. कानाची पाळी पातळ असते, कापली तर बराच वेळ रक्त वाहते. तिची कड आधी बोटांनी चाचपून घ्यावी. मिशांचे केस हे तर कुत्र्याचे स्पर्शेंद्रियच; त्यांना हात लावण्याचे कारण नाही. कुत्रे धडपडू लागले तर काम तेथेच थांबवावे. राहिलेली बाजू उद्या कापता येते. उडालेला विश्वास मात्र सहजी परत मिळत नाही.

ही सारी सावधगिरी ऐकून पुष्कळांना असे वाटेल की, एवढी यातायात करण्यापेक्षा पैसे देऊन बाहेर काम करून घेतलेले बरे. हे कसब पोटापाण्यासाठी शिकलेल्यांविषयी आदरच बाळगला पाहिजे, आणि अवघड काम त्यांच्याचकडे सोपविले पाहिजे. परंतु अनुभवी कारागिरालाही जे भरून काढता येत नाही ते म्हणजे घरच्यांचे तीन महिन्यांचे दुर्लक्ष. अंगभर जटा झालेले कुत्रे समोर आले तर ते भादरण्यावाचून त्याच्यापुढे दुसरा दयाळू मार्ग उरत नाही, आणि मग दोष त्याच्या यंत्राला दिला जातो. कुत्रे शांत राहावे म्हणून त्याला गुंगीचे औषध देण्याचा प्रस्ताव कोणी मांडला तर तो मात्र साफ नाकारावा. तो निर्णय केवळ पशुवैद्याचा आहे.

याहून खोल असे एक कारण या दुर्लक्षामागे आहे, त्याचाही उच्चार केला पाहिजे. केस विंचरणे, पंजे साफ करणे, शेपटीखालची घाण लागलेली लव कापणे ही कामे मराठी मध्यमवर्गाच्या मनात अद्याप हलकी आहेत. ज्या समाजाने कात्री-वस्तऱ्याचे काम एका जातीवर सोपवून ‘हजामत’ हा शब्दच कुचेष्टेचा करून टाकला, त्या समाजाला असे वाटावे यात नवल नाही. कुत्र्याबरोबर छायाचित्र काढून घेण्यास घरातले सारे पुढे असतात; त्याच्या काखेतली जट सोडवायची वेळ आली की मोलकरणीला हाक जाते. वस्तुतः घरच्या माणसाच्या हाताला जे कळते ते परक्याला कळत नाही. रोज अंगावरून फिरणाऱ्या बोटांना गोचीड पहिल्या दिवशी सापडते, गाठ वाटाण्याएवढी असतानाच लागते, पावसाळ्यात केसांखाली चिघळू पाहणारी ओलसर जागा वेळीच कळते. गोचिडीपासून कुत्र्याला जीवघेणा ताप येऊ शकतो, हे लक्षात घेतले म्हणजे रोजच्या दहा मिनिटांचे मोल ध्यानात येईल. घरातील विद्यार्थ्याला हे काम शिकविले तर शरीरशास्त्राचा एक धडा आणि श्रमप्रतिष्ठेचा दुसरा, असे दोन्ही त्याला एकदमच मिळतील.

भारतीय संविधानाने सजीव प्राण्यांविषयी दयाबुद्धी बाळगणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य मानले आहे; १९७६ च्या घटनादुरुस्तीने आलेल्या ५१ क या अनुच्छेदात ते नमूद आहे. त्याआधी १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याने प्राणी बाळगणाऱ्यावर त्याच्या स्वास्थ्याची आणि त्याला अनावश्यक वेदना होऊ न देण्याची जबाबदारी टाकली. घरातल्या कंगव्यावर पहारा ठेवावयास कोणताही अधिकारी येणार नाही, येऊही नये. परंतु केस ओढून कातडी ताणणारी जट ही वेदनाच आहे, आणि ती टाळता येण्यासारखी असल्याने अनावश्यकही आहे. दया म्हणजे केवळ मारझोड न करणे नव्हे. हाती घेतलेल्या जिवाची रोजची उस्तवार कंटाळा न करता पार पाडणे हाही दयेचाच भाग होय.

म्हणूनच या प्रश्नाचा खरा निकाल कुत्रे घरात आणण्यापूर्वीच लागला पाहिजे. १९९४ च्या ‘हम आपके हैं कौन..!’ या चित्रपटातील पांढऱ्याशुभ्र टफीने घरोघरच्या मुलांना भुरळ घातली. पुढे आणखी थंड प्रदेशांतल्या जाती आल्या. रूप पाहून निवड झाली, त्या रूपामागचे कष्ट मात्र कोणी सांगितले नाहीत. दख्खनच्या पठारावरचे आखूड केसांचे कारवान कुत्रे किंवा गल्लीत जन्मलेले साधे गावठी पिल्लू यांच्या अंगाला कात्रीची गरज नसते. आठवड्यातून एकदा ओल्या फडक्याने पुसले आणि ब्रश फिरविला तरी भागते, आणि इथले हवामान त्यांना मानवलेले असते. ज्या घराला रोजची दहा मिनिटे काढणे शक्य नाही, त्या घराने लांब केसांचे कुत्रे आणू नये, हेच रास्त. आणि ज्यांनी ते आणलेच आहे त्यांनी कंगवा रोज, दातेरी कात्री क्वचित आणि भादरण्याचे यंत्र पशुवैद्याने सांगितले तरच, एवढा क्रम पाळला तरी एका मुक्या जिवाचे पुष्कळसे क्लेश वाचतील.