हाताचा वास

मागच्या हिवाळ्यात कचेरीतून आठवडाभर रजा काढून बडोद्याला ताईकडे गेले होते. लग्न होऊन ती तिकडे गेली त्याला आता पंचवीस वर्षे झाली. तिच्या सोसायटीत बहुतेक शाकाहारी बिऱ्हाडे. रविवारी तिने बांगडे आणले, तेही एकात एक अशा दोन पिशव्यांत गुंडाळून. खिडक्या लावून घेतल्या, दाराच्या फटीला पायपुसणे सरकवले. दोघींनी मिळून मासे साफ केले, तिरफळे घालून हुमण शिजत ठेवले, तोच बेल वाजली.

ताईने साबणाने हात धुतले, मग लिंबू चोळले, परत साबण लावला, हात हुंगून पाहिले आणि मगच कडी काढली. दारात शेजारच्या बा, हातात थेपल्यांची ताटली. ती घेतानाही ताई जरा मागे सरकूनच उभी राहिली.

मला आधी हसू आले, मग वाईट वाटले. आमची आईही मासे झाले की हात धुवायचीच. भिजलेल्या सोलांचा नाहीतर चिंचेचा चोथा बोटांना, नखांच्या कडांना चोळायची. त्यात शास्त्रही आहे. समुद्रातली मासळी शिळी होऊ लागली की तिच्यात ट्रायमिथिलअमाइन नावाचे द्रव्य तयार होते. ते अल्कधर्मी असते. आंबट लागले की त्याचा क्षार होतो. क्षार हवेत उडत नाही, म्हणून वास येत नाही. साबणाची वडीही अल्कधर्मीच, म्हणून आधी आंबट, मग गार पाणी आणि साबण शेवटी. लसणीचा वास मात्र गंधकाच्या संयुगांचा. त्याला आंबट फारसे पुरे पडत नाही. थोडे खोबरेल चोळून मग बेसनाने हात धुतले तर बराच कमी होतो. स्टीलच्या भांड्यावर हात घासायचा उपायही बरेच जण सांगतात, माझा अनुभव यथातथाच.

पण आई हात धुवायची ते स्वच्छतेसाठी. ताई धुते ते भीतीने. बांच्या हाताला त्या दिवशी हिंगाचा सणसणीत वास होता. त्यांना तो लपवावासा वाटला नाही, कारण तसे करायला त्यांना कोणी कधी लावलेच नव्हते.

ही भीती ताईच्या मनचीच नव्हे. नोव्हेंबर २०२१ मध्ये बडोद्याच्या महापालिकेतून अंडी-मांस विकणाऱ्या गाड्यांना पदार्थ झाकून ठेवण्याच्या सूचना निघाल्या. अहमदाबादेत गाड्या उचलल्या गेल्या. तिथले विक्रेते उच्च न्यायालयात गेले, तेव्हा लोकांनी काय खावे हे तुम्ही कसे ठरवता, असे न्यायालयाने डिसेंबरात महापालिकेला सुनावले. कारवाई अतिक्रमणावर होती, हा महापालिकेचा बचाव. आणि हे कुठे, तर वेरावळसारखे मोठे मासळी बंदर असलेल्या राज्यात! बडोदे तर गायकवाडांचे शहर. १९०९ साली आणि पुन्हा २०१८ साली तिथे मराठी साहित्य संमेलन भरले. मासे खाणारी मराठी घरे तिथे पिढ्यान् पिढ्या आहेत.

मात्र आपणही साव नव्हे. भाड्याच्या खोलीतून मोहरीच्या तेलाचा वास आला की ‘भायले’ म्हणून नाक मुरडणारे गोंयकार मी आमच्याच वाड्यावर पाहिले आहेत. खरे सांगायचे तर मीही कधीतरी मुरडले आहे. आपला तो सुवास आणि दुसऱ्याचा तो वास, हा न्याय सगळीकडे सारखाच.

शेजाऱ्याला त्रास नको म्हणून खिडकी लावणे हा शेजारधर्म झाला. पण आपल्या जेवणाची लाज बाळगून आपल्याच दारामागे थांबणे, हे मला पटत नाही.

निघताना ताईच्या डब्यात घरची सोलां भरून आले. म्हटले, हात यांनीच धू. पण बांची बेल वाजली तर आधी दार उघड.