कोठार भरले, जाते केव्हा फिरणार?

अणुवीज हा पातूरच्या बाजारात बोलण्याचा विषय नव्हे, असे कोणी म्हणेल. आम्हांस ते मान्य नाही. पौषाच्या थंडीत, रात्रीच्या पाळीची वीज आली म्हणून हाती बॅटरी घेऊन जो शेतकरी हरभऱ्याच्या ओलितासाठी शेतात उतरतो, त्याच्याहून विजेचे मोल अधिक कोणास कळावे? शेजारच्याच बाळापूर तालुक्यात पारसचे औष्णिक केंद्र आहे. २५० मेगावॅटचे दोन संच तेथे कोळसा जाळतात आणि राख वऱ्हाडच्या वाट्यास येते. हा कोळसा आज ना उद्या आवरता घ्यावा लागणार. त्याच्या जागी काय येणार, हा प्रश्न म्हणूनच जितका दिल्लीचा तितकाच पातूरचाही आहे.

सरकारच्या उत्तरात अणुशक्तीला मोठे स्थान आहे. आजची सुमारे ९ हजार मेगावॅटची क्षमता २०४७ पर्यंत १ लाख मेगावॅटवर न्यावयाची, असा संकल्प २०२५ च्या अर्थसंकल्पात सोडण्यात आला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात संसदेने हे क्षेत्र खासगी भांडवलास खुले करणारा कायदाही संमत केला. परंतु एवढ्या अणुभट्ट्यांस इंधन कोठून आणावयाचे? आपल्याकडील युरेनियम थोडे आणि बहुतांशी हलक्या प्रतीचे. आयातीचे युरेनियम परक्याच्या मर्जीवर. घरात विपुल आहे ते थोरियम. केरळ, तामिळनाडू, आंध्र आणि ओडिशा यांच्या किनाऱ्यांवरील वाळूत मोनाझाइट नावाचे खनिज सापडते. त्याचे साठे १ कोटी टनांहून अधिक असून त्यात साधारणतः शेकडा ८ ते १० भाग थोरियम ऑक्साइड असते.

मात्र थोरियम आपले आपण पेट घेत नाही. दुधाचे दही व्हावयास विरजण लागते, तसे थोरियमला न्यूट्रॉनांचे विरजण लागते. ते प्रथम युरेनियमच्या किंवा प्लुटोनियमच्या विखंडनातून मिळवावे लागते. मग थोरियमपासून युरेनियम-२३३ तयार होते. खरे इंधन ते. हे ओळखूनच डॉ. होमी भाभा यांनी १९५४ साली तीन टप्प्यांची योजना मांडली. आधी नैसर्गिक युरेनियमवर चालणाऱ्या अणुभट्ट्या, त्यांतून निघणाऱ्या प्लुटोनियमवर द्रुत प्रजनक भट्ट्या, आणि अखेरीस थोरियम. ही योजना दूरदृष्टीची होती यात संशय नाही.

परंतु सात दशकांनंतर पदरात काय पडले? १९५५ साली तुर्भे येथे थोरियम शुद्ध करण्याचा कारखाना निघाला. १९८४ साली तेथेच ‘पूर्णिमा-२’ ही युरेनियम-२३३ वरील प्रायोगिक भट्टी चालली. १९९६ साली कल्पाक्कम येथे त्याच इंधनावरची ‘कामिनी’ कार्यान्वित झाली. तिची शक्ती ३० किलोवॅट, म्हणजे ५ अश्वशक्तीचे आठ पंप ओढतील एवढी. आणि तीही वीज नव्हे, निव्वळ उष्णता. थोरियमसाठीच भाभा अणुसंशोधन केंद्राने आखलेली ३०० मेगावॅटची प्रगत जड पाण्याची भट्टी अद्याप उभी राहिलेली नाही. दुसऱ्या टप्प्यातील ५०० मेगावॅटच्या प्रजनक भट्टीचे बांधकाम २००४ साली सुरू झाले आणि तिच्या गाभ्याच्या भरणीस आरंभ व्हावयास २०२४ चा मार्च उजाडला!

या विलंबाचा सारा दोष शास्त्रज्ञांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. १९७४ च्या अणुचाचणीनंतर २००८ पर्यंत जगाने आपणांवर तंत्रज्ञानाची दारे बंद केली होती. शिवाय युरेनियम-२३३ सोबत येणाऱ्या युरेनियम-२३२ पासून तीव्र गॅमा किरण निघतात; त्यामुळे हे इंधन जाड भिंतींआडून यंत्रांच्या हातांनीच हाताळावे लागते. अमेरिकेने १९६८ साली ओक रिज येथे युरेनियम-२३३ वर भट्टी चालवून दाखविली आणि पुढे तो मार्ग सोडून दिला. चीनने मात्र तोच धागा उचलून २०२३ साली गान्सूच्या वाळवंटात २ मेगावॅटची वितळलेल्या क्षारांची भट्टी सुरू केली. आरंभ आपण केला, आणि पुढे दुसरा जात आहे!

थोडे समृद्ध युरेनियम मिसळून आजच्याच जड पाण्याच्या भट्ट्यांत थोरियम वापरावे, असा मार्ग अणुऊर्जा आयोगाचे माजी अध्यक्ष डॉ. अनिल काकोडकर यांनी पुरस्कारिला आहे. तो अवश्य आजमावावा. तथापि हे समृद्ध युरेनियम बाहेरून येणार, आणि विरजण कायम शेजारच्या घरून मागणाऱ्याचे दही स्वतःचे म्हणता येत नाही, याचेही भान हवे.

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. थोरियमपासून वीज केव्हा मिळणार, याचे टप्पेनिहाय व तारखांनिशी वेळापत्रक सरकारने संसदेपुढे ठेवावे. तीस वर्षे नफ्याची वाट पाहणारा भांडवलदार विरळा. तेव्हा हे संशोधन सरकारी तिजोरीतूनच चालले पाहिजे. अणुभट्टी जेथे बांधावयाची तेथील रहिवाशांस आधी विश्वासात घ्यावे. ते न केल्यास काय होते, हे जैतापूरने शिकविले आहे. २०११ च्या एप्रिलमध्ये तेथील आंदोलनात गोळीबारात एक जीव गेला. आणि थोरियमच्या आशेवर कृषिपंपांची दिवसाची वीज टांगून ठेवू नये. वऱ्हाडात ऊन मुबलक आहे. त्यासाठी तिसऱ्या टप्प्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

कोठारातील धान्य मोजून कोणाचे पोट भरत नाही. ते दळावे लागते. आणि जाते कोण ओढणार व केव्हा, हे आधी ठरवावे लागते. देशाने ते आता ठरवावे.