गोळी मोफत, खाडा महाग

रमजान आला की टीबीच्या रुग्णाच्या घरी पहिला प्रश्न निघतो : रोजा धरायचा की नाही? उत्तर अवघड नाही. आजाऱ्याला आणि प्रवाशाला कुरआनने सवलत दिली आहे. राहिलेले रोजे बरे झाल्यावर धरता येतात. मालेगाव-भिवंडीच्या यंत्रमागावर मात्र अशी सवलत नाही. तिथे मजुरी विणलेल्या कापडावर. सांचा थांबला की मजुरी थांबली.

टीबीचा साधा उपचार सहा महिन्यांचा. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि गोळ्या फुकट. पण ओपीडी सकाळची आणि पाळी बारा तासांची. रात्रपाळी करून आलेला माणूस झोप मोडून रांगेत उभा राहतो, किंवा राहत नाही. दुसऱ्या महिन्यात खोकला कमी होतो, अंगात जरा बळ येते आणि आता खाडा कशाला, असे वाटू लागते. गोळ्या मध्येच सुटल्या की औषधाला दाद न देणारा टीबी होण्याचा धोका वाढतो. अशा रुग्णाला नोंदवहीत पूर्वी ‘डिफॉल्टर’ म्हणत, जणू त्याने कर्ज बुडवले! शब्द बदलला; नजर फारशी बदललेली नाही.

लग्नाच्या मुलीचे तर आणखी अवघड. मोहल्ल्यात कळू नये म्हणून आई तिला जवळचे केंद्र सोडून लांब नेते. रिक्षाभाडे वाढते, फेऱ्या कमी होतात.

हे केवळ मोहल्ल्यातलेच दुखणे नाही. बीडचा ऊसतोड कामगार दिवाळीच्या सुमारास घर सोडतो. गावच्या केंद्रात सुरू झालेला उपचार त्याने फडावर कसा चालू ठेवायचा?

निक्षय पोषण योजनेत रुग्णाला २०१८पासून महिना ५०० रुपये मिळत. नोव्हेंबर २०२४पासून १००० झाले. चांगलेच झाले. पण तो पैसा दूध-अंड्यांचा, बुडालेल्या मजुरीचा नव्हे.

याच महिन्यात घरोघरी अडीच टक्के जकातीचा हिशेब होतो. जकातीच्या हक्कदारांत गरीब आहे, कर्जबाजारीही आहे. आजारी मजूर बहुधा दोन्ही असतो. रेशनच्या किटसोबत त्याच्या दवाखान्याच्या दिवसाची मजुरी आणि रिक्षाभाडे सहा महिने कुणी उचलायला हवे. कारखानदाराने तो खाडा कापू नये. आणि इफ्तारनंतर बाजार मध्यरात्रीपर्यंत गजबजतो, तर आठवड्यातून एक संध्याकाळ गोळ्यांची खिडकी तासभर उघडी ठेवायला काय हरकत आहे?