हवामान कोरडे राहील

काकांचा फोन आला तेव्हा मी मीटिंगमध्ये होतो. दुपारी तीन वाजता मी उलट फोन केला, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "बाग गेली रे. वारा फिरला, नायतर वाचली असती."

रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या गावात डोंगरउतारावर काकांची काजूची ११० कलमं होती. सात वर्षांची, नुकती भरभरून धरायला लागलेली. त्या दिवशी सकाळी खालच्या शेतात कुणीतरी भाजावळ केली. आग कुंपणापलीकडच्या सुक्या गवतात गेली, पण वारा पूर्वेकडून होता. त्यामुळे ती पश्चिमेला, रस्त्याच्या दिशेने सरकत होती आणि बाग होती पूर्वेला. सगळी माणसं हिरव्या डहाळ्या घेऊन पश्चिमेच्या बाजूला गवत झोडपत उभी राहिली. साडेबाराच्या सुमारास वारा उलटा झाला. आगीची जी मागची कड धुमसत पडली होती, तीच पुढची झाली आणि चढाने वर पळाली. दोन तासांत बाग संपली.

पंचनाम्यात आगीच्या कारणापुढे "अज्ञात" असं लिहिलंय. हा लेख त्या एका शब्दाबद्दल आहे.

काडी कुणी टाकली हे अज्ञात असेल. पण आग बागेत का शिरली ते अजिबात अज्ञात नाही. आपण ते शाळेत भूगोलात शिकलोय. रात्री आणि सकाळी जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे, दुपारी समुद्राकडून जमिनीकडे खारे वारे. या दोन वाक्यांवर आपण मार्क मिळवले आणि विसरलो. किनारपट्टीवर उन्हाळ्यात हे रोज घडतं आणि हवामानाची मॉडेल्स त्याची वेळ तासाभराच्या फरकाने सांगू शकतात. दुसऱ्या दिवशी मी आमच्या भागाचा तासावार अंदाज काढून पाहिला. आगीच्या आदल्या संध्याकाळी तयार झालेल्या त्या अंदाजात वाऱ्याचा बाण दुपारी एकच्या रकान्यात वळलेला होता. माहिती होती, फक्त डहाळ्या घेऊन उभ्या असलेल्या माणसांपर्यंत ती पोचवणं हे कुणाचंच काम नव्हतं.

त्या दिवशीच्या बातमीत आमच्या जिल्ह्यासाठी नेहमीचं वाक्य होतं : हवामान कोरडे राहील. हे वाक्य ऐकून तुम्ही काय करता? काहीच नाही. छत्री नको, पीक भिजणार नाही, सगळं ठीक. आपली हवामानाची सगळी भाषा पावसाभोवती बेतलेली आहे. पाऊस असेल तर बातमी, नसेल तर सुट्टी. त्यात अलीकडे उष्णतेची लाट जोडली गेली, हे चांगलंच झालं. फेब्रुवारीच्या अखेरीस मार्च ते मे महिन्यांचा अंदाज येतो, त्यात कमाल-किमान तापमान असतं, लाटेचे दिवस असतात, पावसाची शक्यता असते. पण फेब्रुवारी ते मे हा सह्याद्रीत वणव्यांचाही हंगाम आहे, आणि वाऱ्याबद्दल व आगीबद्दल त्या अंदाजात शेतकऱ्याला कामाला येईल असं काही नसतं.

आगीला काय लागतं ते बघा. पावसाळ्यात कमरेएवढं वाढलेलं गवत ऑक्टोबरनंतर वाळतं. असं बारीक गवत हवेतल्या ओलाव्याला साधारण तासाभरात प्रतिसाद देतं. म्हणजे सकाळी आठला दवाने ओलं असलेलं गवत अकराला काडीची वाट बघत असतं. त्यावर वारा आला की ज्वाळा आडव्या होतात आणि पुढचं गवत आधीच तापवतात. त्यात चढ असेल तर आणखी वाईट : दर १० अंश चढाला आगीचा वेग साधारण दुप्पट होतो, असा अग्निशमनातला ढोबळ नियम आहे. कॅनडात तयार झालेला फायर वेदर इंडेक्स याच गोष्टींवर चालतो. त्याला दुपारचे चार आकडे लागतात : तापमान, सापेक्ष आर्द्रता, वाऱ्याचा वेग आणि मागच्या २४ तासांतला पाऊस. हे चारही आकडे आपल्या वेधशाळा वर्षानुवर्षं मोजत आल्या आहेत.

मग आपल्याकडे काहीच नाही का? आहे, आणि ते नाकारणं खोटेपणा ठरेल. देहरादूनचं भारतीय वन सर्वेक्षण २००४ पासून उपग्रहांच्या मदतीने आगी शोधून वनखात्याला कळवतं. धोक्याची पूर्वसूचनाही देतं. पण आमच्या डोंगरावर ही यंत्रणा दोन ठिकाणी अडते.

पहिली अडचण वेळेची. वणवे टिपणारा सुओमी एनपीपी हा उपग्रह आपल्यावरून दुपारी आणि रात्री दीडच्या आसपास जातो. तीन वाजता पेटलेलं गवत पाचला विझलं, तर रात्री दीडला त्याला काय दिसणार? गवताचा वणवा जंगलासारखा दिवसेंदिवस जळत नाही, तासाभरात सगळं संपवून जातो. माझ्या कामाच्या भाषेत सांगतो. सर्व्हरची डिस्क ८० टक्के भरली की मला अलर्ट येतो आणि मी जागा मोकळी करतो. सर्व्हर बंद पडल्यावर येणाऱ्या ईमेलवरच ज्या टीमचा भरवसा आहे, तिला आम्ही हसतो. वणव्याच्या बाबतीत आपण तीच टीम आहोत.

दुसरी अडचण हद्दीची. पूर्वसूचना असो की नंतरची सूचना, ती मुख्यतः वनखात्यासाठी असते. कोकणातले बहुतांश डोंगर खासगी मालकीचे आहेत. काकांच्या बागेत वनरक्षक येत नाही, आणि यायची त्याची जबाबदारीही नाही.

आता आक्षेपांकडे येऊ. पहिला हमखास आक्षेप : आपल्याकडे वणवे निसर्ग लावत नाही, माणसं लावतात, मग हवामान खातं काय करणार? माणसं लावतात हे खरंच आहे. भाजावळ, शिकार, विडीचं थोटूक, नवं गवत जोमाने यावं म्हणून लावलेली काडी, लोंबकळणाऱ्या तारांच्या ठिणग्या. पण जगात इतरत्रही बहुतेक वणव्यांमागे माणूसच असतो. २६ फेब्रुवारी २०२४ ला टेक्सासात पेटलेली स्मोकहाउस क्रीक आग विजेच्या खांबापासून सुरू झाली आणि १० लाखांहून अधिक एकर जळाले. तीही आधी पूर्वेकडे धावत होती. मग वारा उत्तरेचा झाला आणि तिची दक्षिणेची लांबच लांब कड पुढे सरकू लागली. आमच्या डोंगरावर झालं तेच, फक्त अवाढव्य. तिथे "रेड फ्लॅग" इशारा आधीच होता आणि तरी आग लागली, हे मान्य. इशारा आग विझवत नाही. पण माणसांना कोणत्या बाजूला उभं राहायचं आणि कधी निघायचं हे सांगतो. तमिळनाडूतल्या कुरंगणीला मार्च २०१८ मध्ये डोंगरात गेलेले वीसहून अधिक ट्रेकर वणव्यात मेले. दर शनिवारी गडावर जाणाऱ्या आपल्यापैकी किती जण निघण्याआधी वारा बघतात?

दुसरा आक्षेप शहरातून येतो : भाजावळीवर सरळ बंदी घाला. १९२७ च्या वन कायद्याने राखीव जंगलात आग लावणं कधीचाच गुन्हा आहे. वणवे थांबले का? भाजावळ करणारा माणूस माथेफिरू नसतो, त्याला जूनमध्ये भात पेरायचा असतो. त्याच्या आजोबांना वारा कळत होता आणि राखण करायला घरात दहा माणसं होती. आज घरात दोन म्हातारी आहेत, बाकीचे मुंबई-पुण्यात. जी राखण आम्ही शहरात येताना सोबत घेऊन आलो, तिच्या जागी निदान माहिती तरी द्यायला नको? "आज भाजू नका, परवा सकाळी नऊच्या आत भाजा, बारानंतर वारा फिरेल" हे सांगणं बंदीपेक्षा स्वस्त आहे आणि ते ऐकलं जाण्याची शक्यताही जास्त आहे.

तिसरा आक्षेप पैशाचा. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने मिशन मौसमसाठी २,००० कोटी मंजूर केले. मी मागतोय ती गोष्ट त्यापुढे किरकोळ आहे. एक, फेब्रुवारी ते मे रोज तालुकावार वणव्याचा धोका, उष्णतेच्या लाटेसाठी वापरतात त्याच पिवळ्या-नारिंगी-लाल रंगांत. दोन, त्यात वारा कधी आणि कुठून कुठे फिरणार ते साध्या मराठीत. तीन, ते सरपंच, पोलीस पाटील आणि वीजवाहिनी सांभाळणाऱ्या लाइनमनच्या मोबाइलवर. लाल दिवशी भाजावळ बंद, आणि तारांखालचं गवत त्याआधीच कापलेलं.

आणि आपण? मी पुण्यात राहतो. हवामान विभागाचं कार्यालय इथे, उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था इथे, लाखो इंजिनिअर इथे. पुण्याच्या टेकड्याही दर उन्हाळ्यात पेटतात आणि आपण बाल्कनीतून त्याचा व्हिडिओ काढतो. जेवण किती मिनिटांत पोचेल हे सांगणारी ॲप्स लिहिणाऱ्या आम्हाला वारा किती वाजता फिरेल हे काकांना सांगता आलं नाही. मी आता आमच्या वाडीच्या ग्रुपवर रोज संध्याकाळी एक मेसेज टाकतो : उद्याची आर्द्रता, वारा, फिरण्याची वेळ. लिहायला एक रविवार लागला. पण पुण्यात बसलेल्या एका पुतण्याच्या स्क्रिप्टवर एक वाडी चालेल, राज्य चालणार नाही. माझी नोकरी बदलली किंवा सर्व्हरचं बिल भरायचं राहिलं, की तो मेसेज बंद. म्हणून हे काम सरकारचंच आहे.

काकांनी या जूनमध्ये ६० कलमं पुन्हा लावली. ती धरायला तीन-चार वर्षं जातील, म्हणजे मध्ये तीन-चार फेब्रुवारी येतील. परवा त्यांनी विचारलं, "तुझा तो मेसेज टीव्हीवर कधी येणार?" मला उत्तर देता आलं नाही. ज्यांना देता येईल, त्यांनी ते पुढच्या फेब्रुवारीच्या आत द्यावं.