भाषा हरवली म्हणजे बुद्धी गेली असं नाही

काही वर्षांपूर्वी साठीच्या एका गृहस्थांना त्यांचा मुलगा दवाखान्यात घेऊन आला. "डॉक्टर, बाबा परवापासून काहीही बोलतायत. डोक्यावर परिणाम झालाय."

बाबा भरभर बोलत होते, पण त्या बोलण्याला अर्थ नव्हता. हातपाय ठीक होते, तोंड वाकडं नव्हतं. म्हणून पक्षाघाताची शंका घरात कोणालाच आली नाही. तेवढ्यात बाबांनी खिशातून बीपीच्या गोळ्यांची पट्टी काढून माझ्यासमोर ठेवली. पट्टी रिकामी होती. डोकं जागेवर होतं, भाषा तेवढी हरवली होती.

सीटी स्कॅनमध्ये मेंदूच्या डाव्या भागाचा रक्तपुरवठा बंद पडल्याचं दिसलं. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. ती वेळ केव्हाच निघून गेली होती.

या विकाराला वाचाघात किंवा अफेजिया म्हणतात. १८६१ मध्ये पॅरिसच्या डॉ. पॉल ब्रोका यांनी एका रुग्णाचा मेंदू मृत्यूनंतर तपासला. त्या रुग्णाला इतरांचं बोलणं बरंचसं समजायचं, पण तोंडातून 'टॅन' याशिवाय फारसं काही निघत नसे. इजा डाव्या मेंदूच्या पुढच्या भागात होती. १८७४ मध्ये जर्मनीच्या कार्ल वेर्निके यांनी दुसरा प्रकार मांडला: बोलणं ओघवतं पण निरर्थक, आणि दुसऱ्याचं बोलणं नीट समजत नाही. आमचे बाबा या दुसऱ्या प्रकारातले.

मी एमबीबीएसला असताना हा विषय अर्ध्या पानात संपला होता. वाक्-उपचार तज्ज्ञ घडवणारा चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम आपल्या देशात आहे. तेवढं सगळ्यांनी शिकावं असं मी म्हणत नाही. पण भाषेच्या विकारांची तोंडओळख डॉक्टर, नर्स आणि शिक्षक होणाऱ्या प्रत्येकाला सक्तीची असावी, असं माझं स्पष्ट मत आहे. शिक्षक का? तर उशिरा बोलणाऱ्या किंवा वाक्य न जुळणाऱ्या मुलाला 'मठ्ठ' हा शिक्का शाळेतच बसतो. अभ्यासक्रम आधीच जड आहे, हे मान्य. पण दहा-बारा तासिका पुरेत.

तोवर तुम्ही एवढं लक्षात ठेवा. कोणाचं बोलणं अचानक बिघडलं, तर थांबून पाहू नका, सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात लगेच न्या. वाचाघात झालेल्या माणसाशी छोट्या वाक्यांत बोला, हो-नाही उत्तराचे प्रश्न विचारा, हातवारे आणि चित्रं वापरा. ओरडू नका, तो बहिरा झालेला नाही. वाक्-उपचार लवकर सुरू करा.

आणि त्याच्यासमोर "यांना आता काही कळत नाही" असं कधीही म्हणू नका.