थंडीतली सायकल

आपल्या निफाड तालुक्याची थंडी साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा पाच अंशांखाली गेल्याच्या बातम्या आपण वाचतो. द्राक्षाचे घड जपायला बागेत पहाटे शेकोट्या पेटतात. पण त्याच वेळी सायकलवर निघालेल्या लेकीचं काय?

विंचूरच्या आसपासच्या मळ्यांतून कितीतरी मुली सकाळच्या वर्गाला सायकलने येतात. जानेवारीत सूर्यच सातनंतर उगवतो. अंधार, धुकं आणि लासलगावच्या वाटेवर कांद्याच्या ट्रॉल्या! मग घरात सूर निघतो, 'थंडी सरेपर्यंत राहू दे कॉलेज.' बचत गटाच्या कामानिमित्त फिरताना मी हे दर हिवाळ्यात ऐकते. दोन महिने घरी बसलेली मुलगी अभ्यासात मागे पडते आणि मग स्थळं बघायला सुरुवात होते.

मैत्रिणींनो, मुलगी घरी ठेवण्यापेक्षा सायकल तयार करा. यात अवघड काही नाही. जुन्या स्वेटरच्या बाह्या कापून हँडलच्या मुठींवर शिवा, बोटं गारठत नाहीत. ब्रेक मात्र मोकळा दाबता आला पाहिजे. जुन्या ट्यूबच्या पट्टीने हँडलला बॅटरी घट्ट बांधा. मागच्या मडगार्डला लाल आणि पुढे पांढरी चमकती पट्टी चिकटवा. चेन रॉकेल किंवा डिझेलच्या फडक्याने पुसून पातळ तेल सोडा, कारण थंडीत घट्ट ग्रीसमुळे पायडल जड जातं. गारठ्यात टायरची हवाही उतरते, ती आठवड्याला बघा. दवाने रिम ओली असली की ब्रेक नीट लागत नाही, म्हणून निघण्यापूर्वी रिम पुसा. रात्री सीटवर प्लॅस्टिकची पिशवी घाला. स्कार्फची टोकं स्वेटरमध्ये खोचायला आणि मागच्या चाकाला जाळी बसवायला विसरू नका.

बिहारमध्ये २००६ साली नववीच्या मुलींना सायकलीसाठी पैसे मिळाले आणि शाळेतल्या मुलींची संख्या वाढली, असं अभ्यासकांनी पुढे दाखवून दिलं. दोन चाकांत एवढी ताकद असते!

आणखी एक. घरच्या ट्रॉलीला मागे रिफ्लेक्टर आहे का, हे मालकांना आजच विचारा. रस्त्यावरची प्रत्येक मुलगी कुणाची तरी लेक आहे. घड जपायला आपण पहाटे उठतो, मग लेकीच्या सायकलसाठी रविवारचा एक तास जड का व्हावा?